नेमगिरीची वाट

परभणीहून जिंतूरला जाणारा रस्ता माझ्या बँकेतील नोकरीपासूनच्या परिचयाचा. झरी, बोरी मागे पडली की टेकड्या दिसू लागतात आणि नेमगिरीचे वेध लागतात. यंदा माघात वृद्ध मातोश्रींना दर्शनास नेले, ते पुतण्याच्या नव्या गाडीतून. रडार व कॅमेऱ्याने पुढील वाहनाचे अंतर मोजून ही गाडी आपला वेग आपणच आवरते.

बोरीच्या अलीकडे कापसाची ट्रॉली शेतातून रस्त्यावर आली. अगदी जवळ गेल्यावर गाडीने करकचून ब्रेक लावला. अपघात टळला, पण आईच्या मांडीवरचा पूजेचा डबा कलंडून तांदूळ विखुरले. "परतताना मी एस.टी.नं येईन," एवढेच ती म्हणाली.

मी मनात हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एकसारख्या दाबाने ७० मीटरांत थांबवली, तर आठ सेकंद मिळतात. २३ मीटरांत थांबवली, तर तीनही मिळत नाहीत. गाडी दोन्ही वेळा थांबते. पण एकदा माणूस सावरतो, दुसऱ्यांदा हादरतो. शिवाय चालकाची हालचाल पाहून आपले मन आधीच सज्ज होते. यंत्राच्या मनातले मात्र ब्रेक लागल्यावरच कळते.

दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावू लागली. तेथे रूळ राखीव, थांबे ठरलेले. आपल्या रस्त्यावर बैलगाडी केव्हा वळेल, याचा नेम नाही. म्हणून येथे ब्रेक लवकर आणि हळुवार लागणे अधिकच अगत्याचे.

नेमगिरीच्या गुंफेत लहानशा दारातून वाकून आत गेलो. इवल्याशा पाषाणावर विसावलेल्या भगवान पार्श्वनाथांच्या भव्य मूर्तीसमोर आई बराच वेळ शांत उभी होती. बाहेर आल्यावर पुतण्याला म्हणाली, "मुनिमहाराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. तुझी गाडी पाहते लांबचं, पण पाऊल उशिरा आवरते."

पुतण्या मुकाट्याने ऐकत होता. परतताना त्याने पुढील वाहनापासूनचे अंतर वाढवून घेतले, वेग कमी ठेवला आणि प्रत्येक गावाआधी स्वतःच पाय हलका केला. झरी येईपर्यंत आई शांत झोपली होती. एस.टी.च्या तिकिटासाठी काढलेले पैसे तिच्या पदराच्या गाठीत तसेच होते.