परदेशची नोकरी केव्हा सोडावी?

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांचे चिरंजीव मस्कतला शिक्षक आहेत. गेल्या दिवाळीत ते गृहस्थ फराळास आले असता म्हणाले, "मास्तर, आपण सतरा वर्षे तिकडे काढलीत. परत यावयाचे केव्हा, हे आपण कसे ठरविलेत?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देताना मी अडखळलो. कारण त्या सतरा वर्षांपैकी निदान दहा वर्षे मी ते ठरविलेच नव्हते. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे. ज्या घरातील मुलगा किंवा सून आज परदेशी आहे, अशा घरांस त्याचा काही उपयोग झाला तर बरेच.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे वाईस पाठशाळेत व्याकरण व काव्य यांचे अध्ययन केले आणि संस्कृत शिकवू लागलो. आमचे कुटुंब एकत्र. आई, वडील बंधू, वहिनी, त्यांची तीन मुले आणि आमची दोन. १९९२ साली ओमानची राजधानी मस्कत येथे भारतीय मुलांच्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांस संस्कृत शिकविण्याची जागा मला मिळाली. घरावर कर्ज होते व धाकट्या बहिणीचे लग्न व्हावयाचे होते. सर्वांनी एकत्र बसून ठरविले, की मी चार वर्षे जावे, कर्ज फेडावे व परत यावे. पत्नी व मुले वाईसच राहिली. निघताना आईने हातावर दही घातले आणि म्हणाली, "चार वर्षं म्हणजे काय, चार पावसाळे."

१९९६ साली कर्ज फिटले. बहिणीचे लग्नही त्यापूर्वीच झाले होते. म्हणजे ज्या कार्यासाठी गेलो, ते ठरल्या वेळी पार पडले. मग मी परत का आलो नाही? तिकडचा निवासाचा परवाना दोन-दोन वर्षांचा असे. मुदत सरत आली की शाळेच्या कचेरीतला कारकून विचारी, "वाढवायचा ना?" 'नाही' म्हणावयास कारण द्यावे लागे, 'हो' म्हणावयास काहीच लागत नसे. एकदा घराचे छप्पर बदलावयाचे होते, एकदा पुतण्याच्या कॉलेजची फी होती, एकदा मुलीच्या शिक्षणाची बेगमी होती. यांतले एकही निमित्त खोटे नव्हते, म्हणूनच मला स्वतःची शंका कधी आली नाही.

त्यात भर ग्रॅच्युइटीची. ओमानच्या २००३ च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी सोडताना पहिल्या तीन वर्षांबद्दल दरसाल पंधरा दिवसांचे, व पुढील प्रत्येक वर्षाबद्दल एक महिन्याचे मूळ वेतन मिळे. (२०२३ च्या नव्या कायद्याने आता पहिल्या वर्षापासूनच महिन्याचे मिळते.) शुक्रवारी सुट्टीच्या संध्याकाळी आम्ही शिक्षकमंडळी मत्रहच्या बंदराकाठी कट्ट्यावर बसून हा हिशेब बोटांवर करीत असू. "आणखी एक वर्ष, म्हणजे आणखी एक महिना!" त्या एका महिन्याच्या वेतनासाठी घरच्या माणसांचे बारा महिने आपण खर्ची टाकीत आहो, हे कोणी बोलून दाखवीत नसे.

जून २००७ मध्ये गोनू नावाचे चक्रीवादळ ओमानवर आले. एरवी कोरडे ठणठणीत असणारे ओढे, ज्यांना तिकडे वादी म्हणतात, दुथडी भरून वाहिले. रस्ते वाहून गेले, आणि भर वस्तीत कित्येक दिवस पाण्याचे हाल झाले. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीस मी वाईस आठवडाभर उशिरा पोहोचलो. पाय धुऊन घरात येताच आईने विचारले, "तुझं घर नीट आहे ना रे? पाणी नाही ना शिरलं?"

मी म्हणालो, "आई, माझं घर हेच की."

ती सहज म्हणाली, "हे झालं आमचं. मी तुझं तिकडचं विचारते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. इतक्या वर्षांत तिने आपल्या मनाशी जी व्यवस्था लावून घेतली होती, ती तिच्या तोंडून बाहेर पडली इतकेच. पूर्वी ती दर पत्रात 'केव्हा येणार' म्हणून विचारी. तो प्रश्न कधी थांबला, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

ऑगस्टात मस्कतला परतलो. एके दिवशी सातवीच्या मुलांना मेघदूताची कथा सांगत होतो. त्या यक्षाचा शाप एका वर्षाचा. भगवान विष्णू शेषशय्येवरून उठतील त्या दिवशी तो संपणार, आणि आता चारच महिने उरले आहेत, हे तो मेघाकरवी पत्नीस कळवितो. ही कथा मी पंधरा वर्षे सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र मध्येच थांबलो. शापित यक्षानेही आपल्या पत्नीस परत येण्याचा दिवस कळविला होता. मी माझ्या पत्नीस तो कधीच कळविला नव्हता.

त्याच रात्री घरी पत्र लिहिले. फोन होता, तरी मुद्दाम पत्रच लिहिले. २००६ साली सहावीत हाती घेतलेली मुले मार्च २००९ मध्ये आठवी संपविणार होती. त्यांचे संस्कृत अर्ध्यावर सोडणे मनास पटेना. म्हणून ३१ मार्च २००९ ही तारीख घातली. पत्नीने ते पत्र देवघरात पोथीखाली ठेवले.

पुढे मोह झाले नाहीत असे नव्हे. शाळेने वेतन वाढविण्याची तयारी दर्शविली. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, तेव्हा 'हातची नोकरी कोणी सोडतो काय?' असे स्नेह्यांनी ऐकविले. त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. एक्कावन्नाव्या वर्षी परतलेल्या मास्तरास येथे कोणत्याही शाळेने घेतले नाही. शिकवण्या केल्या. मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी वडील बंधूंनी भरली. ते एका शब्दाने बोलले नाहीत. पण मला ते जड गेले, हे लपविण्यात अर्थ नाही.

आई २०१२ साली गेली. मधली तीन वर्षे तिच्या पूजेची फुले रोज सकाळी मी आणीत असे. 'तुझं घर' हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. मीही तो विषय कधी काढला नाही.

तेव्हा माझ्या अनुभवाचे सार इतकेच, की जाताना ज्या कामासाठी गेलो ते काम संपले, की पुढचा निर्णय पुन्हा घरच्या माणसांत बसून घ्यावा. तो कचेरीतल्या कारकुनाच्या प्रश्नावर सोडू नये. राहावयाचे ठरले तर खुशाल राहावे, पण तारीख घालून राहावे, आणि ती तारीख वाट पाहणाऱ्यांस लिहून कळवावी.

हे सारे मी शेजारच्या गृहस्थांस नंतर सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "त्याने तर गेल्याच महिन्यात परवाना वाढवून घेतला."

"असू द्या," मी म्हणालो, "पण तो संपेल तेव्हा काय करणार, ते त्याच्याकडून आजच लिहून मागवा."