अंगठ्याचा परतीचा प्रवास

गोरखपूर, जबलपूर
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय भाचीबाई,

तुझा बेस गिटारचा व्हिडिओ हेडफोन लावून पाहिला. खालच्या ई तारेचे ४१ हर्ट्झ फोनच्या स्पीकरला झेपत नाहीत, तेव्हा यापुढे कुणाला पाठवलास तर तेवढं बजावून सांगत जा. अंगठा खाली जाताना छान बोलतो. वर येताना मात्र मुका येतो, आणि डबल थंबिंगचं, म्हणजे अंगठ्याने जाता-येता दोन्ही वेळा तार छेडण्याचं, सगळं दुखणं तिथेच असतं.

तुझा अंगठा अजून साध्या स्लॅपच्या सवयीत आहे. तारेवर आपटला की उसळतो. ही उसळी आली कुठून, ते ठाऊक आहे ना? बेसवाला लॅरी ग्रॅहम साठच्या दशकात आईच्या पियानोला साथ करायचा. सोबतचा ड्रमर गेला, तेव्हा पठ्ठ्याने अंगठ्याच्या ठोक्यातून बेस ड्रम काढला आणि बोटाने तार ओढून स्नेअर. त्याला ड्रम हवा होता, म्हणून अंगठा उसळायलाच हवा होता. दुसरा बेसवाला, व्हिक्टर वूटन, त्याला हवी होती पळणारी स्वरावली. तिथे अंगठ्याने तारेच्या पार जायचं, खालच्या तारेवर क्षणभर टेकायचं आणि परतताना तीच तार नखाच्या कडेने छेडायची. वूटन याचं श्रेय थोरल्या भावाला, रेजीला देतो. वूटनचा १९९६ चा ‘अ शो ऑफ हँड्स’ ऐक. एका बेसवर जवळजवळ अख्खा अल्बम उभा आहे.

आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. सरोदवाल्याच्या हातातली करवंटीची जवा खाली गेली की ‘दा’, वर आली की ‘रा’. (सतारीच्या मिजराबीची दिशा वेगळी, त्या घोळात तू पडू नकोस.) सरोदिये अली अकबर खाँसाहेब ज्या मैहरमध्ये तयार झाले, ते इथून सतन्याच्या गाडीने अर्ध्या दिवसाचंही नाही. त्यांच्या वडिलांनी, बाबा अल्लाउद्दीन खाँनी, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग केलं होतं. अशा मुलखात राहून बेसच्या अंगठ्याला परका कसा म्हणू? तूही तोंडाने दा-रा म्हणत वाजव. ‘रा’ पडला की कानाला लगेच कळतो.

आता दुरुस्त्या. एक म्हणजे तुझा अंगठा फार खोल जातो. जेवढा खोल, तेवढा परतताना अडकणार. तारेखाली अंगठ्याचं फक्त टोक जाऊ दे, आणि हात ठेव फ्रेटबोर्ड संपतो तिथे. तू कोपरापासून हात हलवतेस, त्याने खांदा धरेल. कुलपात किल्ली फिरवतो तसा मनगटाशी हात फिरव. डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी टेकवून आधी नुसते मेलेले स्वर वाजव, मेट्रोनोम साठवर, आणि जोर मुद्दाम ‘रा’वर दे. दोन्ही आवाज सारखे येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. तर्जनीचा प्लक त्यानंतर जोडलास की तिहाईसारखे तीन-तीनचे घास आपोआप पडतात. पुढे डाव्या हाताचा हॅमर, तो सध्या राहू दे.

हे कुठे वाजवायचं, याबद्दल माझं मत जरा कडू आहे. नवरात्रात इथे एका ऑर्केस्ट्रात बसलो होतो. शेजारच्या पोराने संथ गाण्याच्या अंतऱ्यात हाच करामतीचा अंगठा चालवला आणि गाणारी बाई सम शोधत राहिली. बेसवाल्याने बहुतेक वेळ जमीन धरायची असते. बेसवादक मोहिनी डे मात्र कोन्नकोलचे, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या तालाचे, बोल तोंडाने म्हणत तेच बेसवर काढते, तेव्हा मी गप्प बसून ऐकतो, कारण तिच्या वेगाखाली ताल हलत नाही. तिची मुंबईची मैफल ऐकायला मिळाली तर चुकवू नकोस.

तारा बदलताना अॅक्शन, म्हणजे फ्रेटबोर्डपासूनची तारांची उंची, थोडी खाली घे, पण फ्रेट खडखडेपर्यंत नको. अंगठ्याचं नख मुळापासून कापू नकोस.

आणि ताई फोनवर तक्रार करत होती की दिवसभर काय टकटक लावलीय. तू हेडफोन लावतेस, तिला नुसता तारांवरचा अंगठा ऐकू येतो. एकदा अॅम्पवर ऐकव तिला.

तुझा,
मामा