पद्मिनीचा करंट

प्रबळगड ढगात बुडाला की पनवेलमधल्या जुन्या गाड्यांची परीक्षा सुरू होते. खाडीकडचा दमट वारा बोनेटच्या फटींतून आत शिरतो, डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीखाली ओल धरते. रात्रभर अंगणात भिजलेली पद्मिनी सकाळी सेल्फ मारला की गरगरते, पण पेट घेत नाही. या गाडीवर माझा जीव जडला तो अशाच सकाळींमुळे. ती बंद पडली तर का पडली, हे तिला विचारता येतं. आणि नीट विचारलं तर ती सांगते.

ही कुर्ल्याच्या कारखान्यातली लेक. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली, 1964 पासून तिथे फियाट 1100 डिलाइट बनू लागली आणि 1974 पासून तिला पद्मिनी म्हणू लागले. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइलमध्ये चुंबकत्व साठवतात आणि डेल्कोतले पॉइंट उघडताच ते एकदम कोसळतं. पाटाचं पाणी बांध घालून अडवावं आणि बांध फोडावा, तसं. त्या क्षणी पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि रोटर तो 1-3-4-2 या क्रमाने प्लगांना वाटत जातो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही घडी 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली. त्यांच्या डेल्को कंपनीचं नाव आपल्या गॅरेजांत अजून रोज घेतलं जातं.

आमचे मिस्त्रीकाका बोनेट उघडताच पहिलं विचारतात, ‘‘करंट बघितला का?’’ प्लग काढायचा, वायरीत बसवायचा, इन्सुलेशनच्या पकडीने धरून बॉडीला टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, टणक ठिणगी पडली तर करंटाचा संशय मागे पडतो, मग टायमिंग आणि पेट्रोल बघायचं. पिवळी, मरगळलेली पडली किंवा पडलीच नाही, तर उलट चालत जायचं. वायर, टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पावसाळ्यात बहुधा टोपीपाशीच थांबावं लागतं. आतल्या बाजूला केसाएवढी चीर असते, तिच्यात कार्बनची काळी रेघ उमटलेली असते आणि करंट प्लगाकडे न जाता त्या रेघेवरून पळून जातो. पावसाळी रात्री दिवे मालवून चालू इंजिनाकडे पाहा. जुन्या वायरींवरून निळ्या रेषा सळसळताना दिसतात. इतकं सुंदर दिसणारं बिघाडाचं रूप दुसरं मला माहीत नाही.

घाटातला बिघाड वेगळा. जुन्या हायवेने खोपोली सोडली, बोरघाटाची चढण लागली की गाडी तापते, मिस मारते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने काही न करता चालू होते. इथे कॉइल तापून दगा देते, कंडेन्सर थकलेला असतो, किंवा पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. तिन्हींचं रूप एकच. म्हणून गाडी गरम असतानाच, तिथेच रस्त्याच्या कडेला करंट बघावा. थंड झाल्यावर पुरावा उरत नाही. पॉइंट उघडून पाहिले आणि ते जळून निळसर काळे पडलेले दिसले, तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्यावा.

आता पॉइंटांच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक संच मिळतो. जुन्याच डेल्कोत चुंबकाची कडी आणि छोटा सेन्सर बसतो, बाहेरून काही कळत नाही. मी त्याच्या बाजूचा आहे. पॉइंटांची टाच झिजते, गॅप कमी होते, टायमिंग मागे पडतं, पिकअप जातो. हे चक्र त्याने थांबतं. पण तो वायरी उलट जोडलेल्या खपवून घेत नाही, कमजोर अर्थिंग खपवून घेत नाही आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तर कॉइल तापून तोही जळू शकतो. डेल्कोच्या शाफ्टचा बुश खिळखिळा असेल तर आधी बुश बदलावा. संच बसवल्यावर टायमिंग पुन्हा लावावंच लागतं. बिघाड न शोधता नवा संच बसवला, तर टोपीतली चीर तिथेच राहते.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 पासून हटली. तिच्या जिवावर चालणारी सुट्या भागांची दुकानं आणि कानाने टायमिंग लावणारे हात आता विरळ होत जाणार. म्हणून पद्मिनी सांभाळणाऱ्यांना एक विनंती. इलेक्ट्रॉनिक संच खुशाल बसवा, पण जुनी पॉइंट प्लेट आणि चांगला कंडेन्सर पुसून, डब्यात घालून डिकीत ठेवा. घाटात सेन्सर गेला तर तो रस्त्यावर दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज आणि पॉलिश पेपर एवढ्यावर लागतात. आणि ते लावायला घरातल्या पोरापोरींना आत्ताच शिकवा, मिस्त्रीकाका आहेत तोवर.