घडी

आई मागाच्या कारखान्यात घडीवर होती. विट्यात एवढं सांगितलं की पुरतं. मागावरनं उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, तुटका धागा, तेलाचा डाग, गाठ बघायची आणि घड्या घालून तागा बांधायचा. नजरेपेक्षा तिचा भरवसा बोटांवर. घरातली चादरसुद्धा ती काठाला काठ लावून घालते. मी घातलेली घडी न बोलता मोडते आणि पुन्हा घालते.

२०२० च्या मार्चअखेरीला माग थांबले. खटखटीत झोपायची सवय लागलेलं आमचं गाव. ती बंद पडल्यावर पहिले काही दिवस गल्लीत कुणाचा डोळा लागेना. १२ एप्रिलचा ईस्टर मोबाइलवरच झाला. पाळकसाहेबांनी मलाखीचा दाखला घेतला, चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यासारखा देव बसतो तो. विटा पडला सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचा मुलूख. निम्म्या भावकीची दुकानं परराज्यात. त्यामुळे हा दाखला इथं हमखास येतो. पण भट्टीत असलेल्या माणसाला तो सांगू नये, असं माझं मत आहे. बाहेर आल्यावर त्याचा त्यानं सांगितला तर ऐकावा.

सप्टेंबरात माझे वडील, अण्णा, गेले. दवाखान्यात बारा दिवस होते. आईनं ट्रंकेतलं पाच मीटर पांढरं कापड काढून ठेवलं होतं, तिनंच कधीतरी कारखान्यातनं विकत आणलेलं. ते चालणार नाही, असं सांगण्यात आलं. अण्णांना प्लॅस्टिकमध्ये बांधून आणलं, चार अनोळखी माणसांनी खड्ड्यात उतरवलं. आम्ही लांब रस्त्यावर उभे. तोंड बघितलं नाही, माती टाकली नाही. घरी परत आलं ते फक्त कापड. आईनं ते पुन्हा घडी करून ट्रंकेत ठेवलं. रडली नाही. घडी मात्र दोनदा घातली.

त्यानंतर मी शुभवर्तमानांतले शेवटचे अध्याय वेगळ्या कानांनी ऐकू लागले. लहानपणापासून ईस्टर म्हणजे पहाटेची उपासना, पेटी-तबला, नवे कपडे, उकडलेली अंडी. त्या पहाटे येशूच्या कबरेकडे निघालेल्या बायाही आशा घेऊन निघाल्या असतील, असं मी उगाच धरून चालले होते. तसं कुठंच लिहिलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला, सगळं घाईत उरकावं लागलं, म्हणून मार्काच्या शुभवर्तमानात त्या अंगाला लावायची सुगंधी द्रव्यं घेऊन निघतात. चिंता एकच, तोंडावरची धोंड कोण लोटणार? राहून गेलेलं काम पुरं करायला निघालेल्या बाया त्या. योहान तर स्पष्टच लिहितो की मरिया निघाली तेव्हा अजून अंधार होता.

मार्काच्या सर्वात जुन्या हस्तलिखितांत गोष्ट पुढे जातच नाही. कबर रिकामी बघून त्या बाया पळतात, भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत, आणि तिथंच लेखणी थांबते. पुढच्या ओव्या नंतरच्या प्रतींत येतात. आधी मला हे अर्धवट वाटायचं. आता वाटतं, मार्काला आमच्यासारखी घरं माहीत असावीत.

एकदा आईला योहानाचा विसावा अध्याय वाचून दाखवत होते. पेत्र आत जातो, तागाची वस्त्रं पडलेली दिसतात, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला. आईनं हात वर केला.

"थांब. रुमाल येगळा?"

"हो."

"मग चोरी न्हाई ती. मढं पळवणारा कापड सोडत बसतोय व्हय? आणि घडी? घाईतला माणूस घडी घालत न्हाई, बाई."

चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तोम प्रवचनात हेच म्हणाला होता: गंधरसानं अंगाला चिकटलेलं कापड सोडवत बसायला चोराला सवड कुठली! आईनं ते नाव ऐकलेलं नाही. जेवताना रुमालाची घडी घालून उठणारा यहुदी धनी परत येणार असतो, अशी एक गोष्ट दर ईस्टरला व्हॉट्सॲपवर फिरते. जुन्या यहुदी ग्रंथांत तिला आधार सापडत नाही. मला तिची गरजही वाटत नाही. मला घडीवरच्या बाईचा दाखला पुरतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'गुंडाळलेला' असा आहे, हे मी तिला सांगून बघितलं. "गुंडाळी का असंना, नीट ठेवलंय न्हवं?" एवढंच म्हणाली.

राहून गेलेलं काम म्हटलं की मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. जिच्या हाती केडगावचं मुक्ती सदन सोपवायचं होतं, तीच. रमाबाई मूळ हिब्रू-ग्रीकवरनं बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्या वर्षीचा ईस्टर ११ दिवसांवर होता. लेकीच्या मागं त्या पानांवर बसताना त्यांच्या मनात काय असेल ते मला सांगता येणार नाही. काम राहिलं होतं, एवढं कळतं.

टाळेबंदीनंतर कारखाना उघडला तेव्हा आईला मदतीला बोलावलं. मागांवर मार्चमधलं अर्धं कापड तसंच ताणलेलं होतं. माग बरेच दिवस थांबून पुन्हा चालला की कापडावर त्या जागी आडवी रेघ उमटते. धुतली तरी जात नाही. आई डोळे मिटून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हितं थांबला हुता." पुढचं कापड चांगलं, मागचं चांगलं, मधे रेघ. थोमाला उठलेल्या येशूनं हात दाखवले, कूस दाखवली. व्रण तसेच होते. अण्णा भेटतील या माझ्या विश्वासात ते दवाखान्याचे बारा दिवस पुसलेले नाहीत. पुसले गेले तर ते अण्णा मला ओळखू येतील का, कोण जाणे.

४ एप्रिल २०२१. रात्री आठ ते सकाळी सात जमावबंदी, त्यामुळे पहाटेची उपासना सातनंतर, आमच्याच घरात, पाचच माणसं. नव्या निर्बंधांची बातमी त्याच दिवशी यायची होती. पाळकसाहेब मोटारसायकलवरनं आले, सलाम झाला. प्रभुभोजनासाठी टेबल मांडलं, त्यावर घालायला काही आहे का, विचारलं. मी चादर शोधायला आत वळले तेवढ्यात ट्रंकेचा आवाज आला.

पाच मीटर कापड आमच्या टेबलाला भलतंच मोठं. दोन्ही बाजूंनी जमिनीवर लोळत होतं. सहा महिन्यांच्या घड्यांच्या रेघा उठून दिसत होत्या. मी म्हटलं, "इस्त्री फिरवू का?"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली आणि तळहातानं मधली रेघ सारखी करू लागली.