यंदा नवा पाळणा येणार!



तुमच्या गावी जत्रा किंवा उरूस भरत असेल, तर एक गोष्ट तुम्हांला नक्कीच ठाऊक असेल. जत्रेची खरी मजा जत्रा भरण्याच्या आधीच सुरू होते. मैदानावर अजून एकही दुकान लागलेले नसते, पण कोणीतरी धावत येऊन सांगतो, "यंदा नवा पाळणा येणार आहे!" मग काय विचारता? शाळेत, गल्लीत, चहाच्या टपरीवर तोच विषय.

माझे बालपण धाराशिवला गेले. त्या वेळी या शहराला उस्मानाबाद म्हणत. २०२३ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले. शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. तेथे दरवर्षी उरूस भरतो आणि हिंदू-मुसलमान सगळेच त्याला जातात. उरुसाच्या तारखा हिजरी महिन्यांप्रमाणे ठरतात. चांद्र वर्ष हे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे उरूस दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. आम्ही मुले दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजत असू.

उरुसात आकाशपाळणा येई, मौत का कुआँ येई, लहान मुलांसाठी लाकडी घोड्यांचा गोल पाळणा येई. हे सारे आमच्या ओळखीचे होते. मी आठवीत असताना मात्र वेगळीच बातमी आली. यंदा 'ड्रॅगन' येणार! उंचसखल रुळांवरून धावणारी, तोंडाशी अजगराचे डोके असलेली छोटी आगगाडी. आमच्यापैकी कोणीही ती पाहिली नव्हती. पण ज्याने ती पाहिली नव्हती, तोच तिचे वर्णन अधिक रंगवून करीत होता. सकाळी ती घराएवढी उंच होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती पाण्याच्या टाकीएवढी झाली!

लोकांच्या बोलण्यातही किती तऱ्हा होत्या! काही जण आनंदाने नाचत होते. काही जण शंकेखोर होते. "मागच्या वर्षीही म्हणत होते, येणार येणार, आला का?" असे ते विचारीत. टपरीवरच्या म्हाताऱ्या मंडळींना नव्याचे कौतुक नव्हते. "आमच्या वेळी लाकडी पाळणा असे, माणसे हातांनी फिरवीत. त्याची सर या लोखंडाला कुठली?" असे ते म्हणत. काटकसरी माणसे आधी तिकिटाचा दर विचारीत. आणि माझी आजी? तिने एकच प्रश्न केला, "बसणाऱ्याच्या कमरेला काही आडवे असते की नाही रे?"

तुम्हांला वाटेल, ही तर खेड्यापाड्यांतली हौस. पण तसे नाही. अमेरिकेत अशा गाड्यांच्या शौकिनांनी १९७८ साली चक्क एक संघटना स्थापन केली. मोठमोठ्या उद्यानांत उंच रुळांवरून धावणाऱ्या या गाडीला 'रोलर कोस्टर' म्हणतात. नवी गाडी जाहीर झाली, की तिची उंची किती, वेग किती, ती प्रवाशांना किती वेळा उलटे करते, यावर हे शौकीन तासन् तास वाद घालतात. सौदी अरेबियात रियाधजवळ किद्दिया येथे चार किलोमीटरांहून लांब रुळांची आणि ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाची गाडी उभारणार, असे २०१९ साली जाहीर झाले. तेव्हा जगभर असेच झाले. कोणी हरखले, कोणी म्हणाले हे होणेच शक्य नाही, कोणी म्हणाले जुन्या लाकडी गाडीची मजा यात नाही. आमच्या टपरीवरचीच माणसे जणू जगभर पसरली होती!

ही हौस काही आजचीही नाही. पिएत्रो देला वाले नावाचा एक इटालियन प्रवासी १६१५ साली इस्तंबूलमध्ये होता. रमजानच्या उत्सवात तेथे मोठे झोके आणि फिरती चाके लागली होती. तो स्वतः चाकात बसला आणि झपाट्याने वर-खाली जाताना आपल्याला किती मौज वाटली, हे त्याने लिहून ठेवले. पुढे १८८४ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे थॉम्पसन नावाच्या माणसाने रुळांवरची घसरगाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर होता. आपली सायकलही त्याहून जोरात जाते! तरीही तिकिटासाठी लोकांची रांग लागे. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचे चाक उभारले. त्याला ३६ मोठे डबे होते आणि प्रत्येक डब्यात ६० माणसे मावत. एवढे मोठे चाक उभे राहील, यावर आधी अनेकांचा विश्वासच बसत नव्हता. आपल्या उरुसातला विजेवर फिरणारा आकाशपाळणा याच घराण्यातला आहे.

महाराष्ट्रात १९८९ साली मुंबईच्या गोराई भागात 'एस्सेलवर्ल्ड' सुरू झाले. त्याची जाहिरात दूरदर्शनवर लागली, की आमच्या गल्लीतली सारी मुले ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या दारात जमत. मुंबईला जाणे आमच्यापैकी कित्येकांना शक्य नव्हते. पण जाहिरात पाहायला तिकीट लागत नव्हते. ते उद्यान २०२२ साली बंद झाले. त्याआधी २०१३ साली खोपोलीजवळ 'इमॅजिका' सुरू झाले. तेथल्या 'नायट्रो' या गाडीत पायांखाली तळच नाही. पाय मोकळे लोंबत असतात आणि गाडी प्रवाशांना पाच वेळा उलटे करते.

आता एक प्रश्न मनात येतो. भीती वाटते, हे ठाऊक असूनही माणूस पैसे देऊन तेथे का जातो? या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते मला आमच्या वर्गातल्या एका मुलाने दिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, आपल्या जिल्ह्यातले सास्तूर आणि आजूबाजूची कित्येक गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. घरांच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या होत्या. छपरांवर मातीचा जाड थर होता. ज्या घरांनी ऊन-पावसात आसरा दिला, तीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. हा मुलगा त्याच भागातला होता. त्यानंतर तो उस्मानाबादला मामाकडे राहायला आला आणि आमच्या वर्गात बसू लागला.

ड्रॅगनची बातमी आली, तेव्हा सारा वर्ग बोलत होता. हा मात्र गप्प होता. उरुसाला आम्ही बरोबरच गेलो. अजगराचे डोके रंगीत दिव्यांनी चमकत होते. गाडी वळणावर आली, की खालची लोखंडी चौकट थोडी थरथरे आणि पायांखालची जमीनही किंचित हलल्यासारखी वाटे. त्याचा चेहरा उतरला. "मी इथेच थांबतो. तुमच्या चपला सांभाळतो," तो म्हणाला. दोन-तीन मुलांनी त्याला भित्रा म्हणून चिडवले. तो काही बोलला नाही. आमच्या चपला त्याने ओळीने लावून ठेवल्या आणि जवळ उभा राहिला.

पण तो नुसता उभा नव्हता. आम्ही फेरी संपवून खाली आलो, तेव्हा तो गाडी चालवणाऱ्या माणसाशी बोलत होता. गाडी कशी थांबते? पट्टी निघाली तर? वीज गेली तर? तो माणूसही भला होता. त्याने हातातला पाना दाखवला आणि सांगितले, "बाळ, रोज आधी रिकामी गाडी फिरवतो. एकेक नट हाताने पाहतो. मग माणसे बसवतो."

पुढच्या वर्षी ड्रॅगन पुन्हा आला. या वेळी त्याने स्वतःहून तिकीट काढले. माझ्या शेजारी तो बसला. पट्टी त्याने दोनदा ओढून पाहिली. गाडी सुटली, तेव्हा तो आमच्याहून मोठ्याने ओरडला. खाली उतरल्यावर त्याचे डोळे पाणावले होते. पण तो हसत होता. मी विचारले, "भीती वाटली नाही?"

तो म्हणाला, "वाटली ना. पण त्या रात्री मला कोणी विचारले नव्हते. इथे मी स्वतः हो म्हणालो. आणि ही तीन फेऱ्यांनी थांबते."

मित्रांनो, पाळण्यातल्या भीतीचे सारे मर्म या तीन वाक्यांत आहे. आयुष्यात पुष्कळ भीती न बोलावता येते. आजार येतो, दुष्काळ येतो, भूकंप येतो. त्यांना थांबवणारी कळ आपल्या हाती नसते. पाळण्यातली भीती मात्र आपण निवडलेली असते. ती ठरलेल्या वेळी सुरू होते, ठरलेल्या वेळी संपते आणि आपल्याला पुन्हा आपल्या चपलांजवळ आणून सोडते. म्हणून माणसे तिच्यासाठी रांग लावतात.

पण ती भीती खोटी राहावी, यासाठी कोणालातरी खरी काळजी घ्यावी लागते. मोठ्या रोलर कोस्टरचेच पाहा. बहुतेक गाड्यांना स्वतःचे इंजिन नसते. साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढून नेते. पुढचा सारा प्रवास त्या उंचीवरून मिळालेल्या वेगावर होतो. घर्षणामुळे वेग कमी होत जातो, म्हणून पुढचे चढ साधारणपणे पहिल्यापेक्षा ठेंगणे ठेवतात. चढावर जाताना खालून 'टक टक टक' असा आवाज येतो. नवख्या माणसाला वाटते, काहीतरी मोडत आहे. खरे तर गाडीखालचा लोखंडी खटका रुळांमधल्या दात्यांवरून सरकत असतो. साखळी तुटलीच, तर तो दात्यात अडकतो आणि गाडीला मागे घसरू देत नाही. ज्या आवाजाने छाती धडधडते, तोच आवाज आपल्याला सांभाळत असतो! जॉन मिलर नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने आणखी एक युक्ती काढली. रुळाच्या वर चाके असतातच. त्याने रुळाच्या खालूनही चाके बसवली आणि १९१९ साली तिचे हक्क नोंदवले. त्यामुळे गाडी रूळ सोडून वर उडू शकत नाही.

जत्रेतल्या पाळण्याला एवढी मोठी यंत्रे नसतात. तेथे सारा भरवसा एका माणसाच्या डोळ्यांवर आणि त्याच्या हातातल्या पान्यावर असतो. तो आज या गावी, उद्या त्या गावी फिरतो. भर उन्हात पाळणा जोडतो आणि रात्री त्याच्याच खाली झोपतो. आपण पाळण्याची उंची विचारतो, वेग विचारतो. त्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

तेव्हा तुमच्या गावी नवा पाळणा येणार, अशी बातमी आली तर जरूर आनंदाने उड्या मारा. वाट पाहण्याचे सुख फुकट असते, ते पुरेपूर घ्या. पण बसण्यापूर्वी पट्टी ओढून पाहा. ती सैल असेल, तर "मला उतरवा" असे सांगायला लाजू नका. जो मित्र "मी बसत नाही" असे म्हणतो, त्याला भित्रा म्हणू नका. त्याने कोणती रात्र पाहिली आहे, हे तुम्हांला ठाऊक नसते. आणि फेरी संपल्यावर, पाना घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाला एकदा सलाम करून या.