कोल्हापूर जिल्ह्याची सायकल-प्रदक्षिणा

कोल्हापूर जिल्ह्याचे तालुके बारा. बाराही तालुक्यांतून जाणारी, जिल्ह्याची हद्द न ओलांडणारी आणि शक्यतो एकच रस्ता दोनदा न तुडवणारी सायकलफेरी आखणे नकाशावर सोपे वाटते. कागलला पहिली अडचण येते. महामार्गाने सरळ गेले की निपाणी लागते, आणि निपाणी कर्नाटकात आहे. म्हणून मुरगूड, सेनापती कापशी असे वळून गडहिंग्लज गाठावे लागते. पश्चिमेची हद्द सह्याद्रीच्या धारेवरून जाते. तिकडचे मोठे रस्ते घाट उतरून कोकणात जातात. धारेच्या कडेने जाणारा एकही नाही.

प्रदक्षिणा उजवी घालावी हे उघडच. कोल्हापूरहून पूर्वेला निघून बाहुबली, जयसिंगपूर, नृसिंहवाडी, खिद्रापूर, इचलकरंजी, कागल हा पहिला टप्पा. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरील 28 फुटी मूर्तीचे दर्शन घेऊन आरंभ करावा. खिद्रापुरात कोपेश्वराइतकाच वेळ तेथील प्राचीन आदिनाथ मंदिराला द्यावा. पुष्कळ यात्रेकरू कोपेश्वर पाहूनच परततात. हा सारा प्रदेश सपाट, उसाचा, आणि गावोगाव आपली बस्ती असलेला. गाळलेले, उकळलेले पाणी मागायला संकोच नाही.

खरा हिशेब दक्षिणेकडे वळल्यावर सुरू होतो. आपल्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि आपल्याला जायचे असते दक्षिणोत्तर. ताम्रपर्णी, घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा, भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी : दर दोन नद्यांमध्ये एक डोंगरसोंड, म्हणजे दर खोऱ्याला एक चढ. नेसरी, चंदगड, आजरा, गारगोटी, राधानगरी हा मार्ग अंतराने फार नाही. दमवतात ते चढ. राधानगरीला शाहू महाराजांनी आरंभलेले धरण पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. गगनबावड्यापुरता मात्र आम्ही नियम मोडला. कळ्यापासून सुमारे 35 किलोमीटर जायचे आणि त्याच वाटेने परतायचे. पुढे शाहूवाडी, पन्हाळा आणि घर. एकूण अंतर पाचशे किलोमीटरच्या पुढे भरते.

माझ्या पुतण्याचे म्हणणे असे की रोज दीडशे किलोमीटर कापून चार दिवसांत आटपावे. त्याच्या सायकल गटातील मुले पहाटे चारला निघतात आणि रात्री ढाब्यावर जेवतात. पण त्याला चौविहार आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर, साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात त्या दिवसांत, आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी नवकारसीची 48 मिनिटे सोडली तर खाण्यापिण्यासाठी जेमतेम दहा तास उरतात. तहानलेल्या शरीराने रात्री पाण्याशिवाय राहायचे असेल तर मुक्कामी साडेचारला पोहोचलेच पाहिजे. म्हणून मी अंतर मांडलेच नाही. आधी संध्याकाळच्या जेवणाची गावे मांडली आणि त्यांच्यामध्ये रस्ता भरला. सात मुक्काम निघाले.

दुसरे कारण गाळप हंगामाचे. अंधार पडला की उसाच्या डबल ट्रॉल्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर अशा रस्त्यावर उभ्या असतात. सूर्यास्ताचा नियम नसता तरी मी मुलांना त्या वेळी रस्त्यावर सोडले नसते.

आजऱ्यापासून पुढे कांदा-लसूण नसलेले ताट आधी सांगितल्याशिवाय मिळणे कठीण. दशम्या, खाकरे, मेतकूट बरोबर घ्यावे. आजऱ्यात घनसाळ तांदूळ मिळतो, त्याचा साधा भात कोणीही करून देते. पुतण्या अजून चार दिवसांवर अडून आहे. आम्ही तूर्त गडहिंग्लजपर्यंतचे मुक्काम ठरवले आहेत; त्यापुढचे त्याचे पाय ठरवतील.