दोर ओढण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत कुणी आजोळी जातं, कुणी लग्नं उरकतं. यंदा आम्ही चौघं दोराला लोंबकळायला शिकलो. चौघं म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको (दोघंही शिक्षक), अकरावीतली लेक आणि कॉलेजात शिकणारा भाचा. बेत कानावर गेला तेव्हा अम्मींनी हातातली तस्बीह थांबवून विचारलं, "पैसे देऊन दरीत उतरायचं? तेही पाण्यातून?"

प्रश्न रास्त होता. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते कुणीच विसरलेलं नाही. पण आमचं जायचं कारणही तेच होतं. आमच्या शाळेतली मुलं पावसाळ्यात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या धबधब्यावर जातात. "जाऊ नका" एवढं सांगून ती थांबत नाहीत. पाणी कसं वागतं हे शिकवायचं, तर आधी ते आपल्याला कळायला हवं.

या खेळाला कॅनियनिंग म्हणतात. अरुंद घळीतून, पाण्याच्याच वाटेने खाली उतरायचं. कुठे चालत, कुठे पोहत आणि कडा आला की दोरावरून. डोंगर चढताना दमलात तर मागे फिरता येतं. इथे उतरण आधी आणि माघार अवघड, हा मोठा फरक.

शिकायची जागा होती सांदण. घोटीहून वळून शेंडी, तिथून घाटघरच्या रस्त्याने साम्रद. हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अगदी सह्याद्रीच्या काठावर आहे. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंग. रतनगडावर पडलेला पाऊस प्रवरेतून, 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून, गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला जातो. साम्रदजवळच सांदणच्या घळीत पडलेला पाऊस मात्र कोकणात कोसळतो आणि अरबी समुद्राचा होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास साचलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकात ही भेग आहे. कुठे कुठे ती इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, आणि भिंती दोनशे फुटांहून उंच. वर आभाळाची नुसती पट्टी दिसते. ही पट्टी पुढे महत्त्वाची ठरणार होती.

पहिला दिवस गावातल्या अंगणात गेला. शिकवणारे तिघे होते, त्यातली एक मुलगी, म्हणून लेकीची आणि तिच्या आईची चिंता मिटली. हार्नेस कसा आवळायचा, कॅराबिनरचं तोंड बंद आहे की नाही हे बोटाने दाबून कसं पाहायचं, आठाची गाठ कशी मारायची. एकच गाठ चाळीस वेळा मारली. वर्गात पाढे घोकून घेणाऱ्यांना चाळीस वेळा घोकायला लावणारं कुणीतरी भेटलं, याची भाच्याला फार मौज वाटली. कपड्यांचा प्रश्न आम्हाला वाटला होता त्यापेक्षा सोपा निघाला. खडकाने सालटी निघू नयेत म्हणून इथे सगळ्यांनीच अंगभर कपडे घालायचे असतात. फक्त काही लोंबतं नको. उतरताना दोर अॅल्युमिनियमच्या आठातून सरकतो आणि त्यात ओढणी अडकते तशी दाढीही अडकते. त्यामुळे स्कार्फ घट्ट बांधून वर हेल्मेट आणि दाढी टी-शर्टच्या आत, असा नियम दोघांनाही सारखाच लागू झाला.

दुसऱ्या दिवशी कोरड्या खडकावर रॅपलिंग. खाली ओढून धरायचा तो हात दोरावरून एक क्षणही सोडायचा नाही, पाय पसरून मागे झुकायचं. मन म्हणतं खडकाला चिकटून राहा, आणि चिकटलात की पाय घसरतात. खाली उभ्या माणसाने दोराचं टोक नुसतं ताणून धरलं, तरी वरून घसरणारा जागच्या जागी थांबतो. लेकीने खाली उभं राहून तिच्या आईला असं तीनदा हवेत थांबवलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं आणि आदल्या दिवशीचा एक धडा उलटा झाला. कोरड्या कड्यावर दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटत नाही. वाहत्या पाण्यात ती गाठ मारायची नसते. धारेखाली सापडलेल्या माणसाला दोरातून चटकन सुटून पोहत बाजूला जाता आलं पाहिजे, म्हणून दोर मोजून पाण्यापर्यंतच सोडायचा. वरची बांधणीही अशी करायची की मध्येच कुणी अडकला तर वरूनच दोर सोडून त्याला खाली घेता येईल. आणि तळ तपासल्याशिवाय डोहात उडी नाही, कितीही ओळखीचा डोह असला तरी. मागच्या पुराने तिथे काय आणून टाकलं असेल, सांगता येत नाही.

रात्री चुलीपाशी नाचणीची भाकरी आणि पिठलं खाताना मुख्य प्रशिक्षकांनी स्वित्झर्लंडमधली गोष्ट सांगितली. 27 जुलै 1999 रोजी इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळीत वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला. पुराचा लोंढा आला आणि 21 जण गेले. त्यांत तीन वाटाडे होते. "दोर सगळ्यांना येत होता," ते म्हणाले, "आभाळ वाचायचं राहिलं."

चौथ्या दिवशी सांदण. फजरनंतर निघालो. पहिला डोह गुडघ्याच्या वर, दुसरा छातीपर्यंत, पाणी असं की दात वाजावेत. मग मोठमोठ्या दगडांवरून उतरत पहिल्या कड्याच्या तोंडाशी आलो. साधारण चाळीस-पंचेचाळीस फुटांचा हा टप्पा. दोर लागला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सगळे उतरले की दोर खालून ओढून घेतात, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. दोर ओढला की वर जायची वाट संपली. मग पुढचे टप्पे उतरून कोकणात डेहणे गाठायचं, दुसरा मार्ग नाही.

भाचा हार्नेस अडकवून पुढे झाला होता. प्रशिक्षक आभाळाची पट्टी पाहत होते. ती निळी नव्हती, राखाडी होती, आणि रतनगडाच्या बाजूने गडगडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, दोर गुंडाळायला सांगितलं आणि म्हणाले, "मागे."

भाच्याचा चेहरा पाहवत नव्हता. तीन दिवसांची तयारी, भरलेले पैसे, समोर लागलेला दोर. तेच छातीभर पाणी पुन्हा तुडवत आम्ही वर आलो. दुपारी साम्रदला पाऊस पडला, पाऊण तास, बेताचा. पूर आला नाही. भाचा ओसरीवर बसून म्हणाला, "बघा, उतरलो असतो तर काहीच झालं नसतं."

खरं होतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण गणिताच्या पेपरात उत्तर योगायोगाने बरोबर आलं म्हणून आम्ही पूर्ण गुण देत नाही, पायऱ्यांचे गुण देतो. दोर ओढण्याआधी जे दिसत होतं, त्यावरून माघार हेच बरोबर उत्तर होतं. नंतर पाऊस किती पडला याने ते बदलत नाही. भुशीसारख्या ठिकाणी पाण्यात उतरलेल्या हजारोंना दर वर्षी काहीच होत नाही, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी ते पुन्हा उतरतात. भाच्याला हे पटलं का? पूर्ण नाही. पण शेंडीला परतताना आपणहून तो घाटघरच्या बाजूचे ढग पाहत होता.

वाचकहो, घळीत उतरणं सगळ्यांना जमावं असं नाही. पण पावसाळ्यात मुलं ओढ्याकाठी, धबधब्याशी जातीलच. त्यांना चार खुणा सांगून ठेवा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, पाण्याचा आवाज वाढला किंवा डोंगरमाथ्यावर काळे ढग दिसले, तर चपला आणि डबे तिथेच टाकून प्रवाहाच्या दिशेने नव्हे, सरळ बाजूला उंचावर चढायचं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. आणि प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं राहून फोटो काढायचा नाही, कारण पाणी वाढलं की त्या खडकाला चारही बाजूंनी वाट नसते.